सलीमच्या रुमालातला प्रोसेसर

या सदरातले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. पांढरी साडी, पिंपळ, उलटे पाय... वाचते, हसते आणि भाजी निवडायला घेते. आमच्या दारात अमावस्येला कुणीतरी लिंबू टाकून जायचं, तर मी ते धुऊन सरबत करायची. आजवर काही झालं नाही. त्यामुळे असलं काही लिहायची पाळी माझ्यावर यावी, याचाच मला जास्त राग आहे. पण तोंडी सांगून सांगून थकले हो! अर्धं ऐकतात आणि अक्कल शिकवायला लागतात. आता लिहूनच देते. पूर्ण वाचा, मग बोला.

आमचं घर आर्णीत, बसस्टँडच्या मागच्या अंगाला. पुढची खोली पत्र्याची. एका भिंतीला माझी शिलाई मशीन, दुसरीला नातीचा, पल्लवीचा कॉम्प्युटर. बोंडअळीनं कापूस खाल्ला ना, त्याच्या पुढचा उन्हाळा. मे महिना. पत्र्याखाली बसलं की सुई धरली तरी चटका बसावा, असं ऊन.

पल्लवीनं यवतमाळला अ‍ॅनिमेशनचा कोर्स केला होता. पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला परीक्षा म्हणून काम दिलं... एक छोटा व्हिडिओ करून सोमवारी सकाळी पाठवायचा. आवडला तर नोकरी. नाही आवडला तर मामाच्या कृषी केंद्रात बिलं फाडायला बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. पोरीनं काय केलं, तर बाजार समितीच्या फाटकातून कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, आत येते आणि वाऱ्यानं कापूस उडतो. एवढंच. पण तिला एकेका बोंडाचा तंतू वेगळा दिसायला हवा! म्हटलं, "अगं, दुरून कोणाले दिसते तंतू?" तर म्हणे, "आजी, तू ब्लाऊजची आतली शिलाई कोणासाठी सरळ घालतं?"

असा व्हिडिओ शेवटी कॉम्प्युटरला एकट्यानं पूर्ण करावा लागतो. त्याला रेंडर म्हणतात. भाताचं झाकण लावून बसल्यासारखं नुसतं बसायचं. आणि आमचा कॉम्प्युटर थोड्या वेळात तापून फट्‌कन बंद! पुन्हा चालू, पुन्हा बंद. कूलरसमोर ठेवला तर ओल धरली. माठाचं ओलं फडकं बाजूला लटकवलं तर दिलीप, माझा मुलगा, पल्लवीचा बाप, ओरडला, "शॉक लागून मराल दोघी!"

दोष प्रोसेसरचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. अर्ध्या बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, वर धातूची टोपी, त्यावर पंखा. नवीन घ्यावा म्हणून यवतमाळला भाव विचारला. आठ दिवसांनी विचारला तर वाढलेला. का, तर म्हणे डॉलर वाढला. आमच्या कापसाच्या वेळी हा डॉलर कुठे झोपतो, देव जाणे. दिलीपनं मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाला, "सहा क्विंटल कापूस होते हा एक तुकडा. घरात सहा बोंडं नाही चांगली."

मग पल्लवीनंच नेटवर शोधलं. त्या टोपीच्या खाली उष्णता बाहेर काढायचा एक लेप असतो, तो वाळून खडू होतो. टोपी उचकटून लेप बदलला की डोकं थंड. एवढे पैसे मोजून घ्यायचं आणि आत हे! भारी खणाच्या ब्लाऊजला फाटकं अस्तर लावावं, तसला प्रकार. टोपी काढायला लोक वाईसच्या लोखंडी जबड्यात धरून हातोडी मारतात, हेही तिनं दाखवलं. मी म्हटलं, "वाईस तर आपल्या सलीमच्या गॅरेजात हाये."

"आजी! तो मोटरसायकलवाला हाये. त्याले हात लावू देऊ नको." एवढं बोलून ती शनिवारी दुपारी यवतमाळला निघून गेली, मैत्रिणीचा कॉम्प्युटर मिळतो का पाहायला. मुक्कामाला तिथेच.

मी सलीमला बोलावलं. बोलावणारच! पोरीचं नशीब त्या डबड्यात अडकलेलं, आणि मी काय गुंड्या शिवत बसू?

सलीम आला तोच छाती फुगवून. "अवो काकू, हे तर काहीच नाई. मी बुलेटच्या इंजिनचं हेड काचेवर घासून असं सपाट करतो का त्यात चेहरा पाहून दाढी करा." त्यानं माझ्यासमोर डबा उघडला, पंखा काढला, प्रोसेसर काढला, पंख्याचं बूड पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं. प्रोसेसर रुमालात बांधला. स्क्रू हरवू नयेत म्हणून पंखा परत बसवला, डब्याचं झाकण लावलं. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. "उद्या घेऊन येतो," म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी मी शेजारी कुरड्या घालायला गेले. उन्हं चढल्यावर घरी येते तर पल्लवी परत आलेली आणि कॉम्प्युटरसमोर बसलेली. स्क्रीनवर बंडी. रेंडर चालू.

मला वाटलं, सलीम येऊन बसवून गेला. गप्प राहिले. म्हटलं, सांगितलं तर ही ओरडेल. ती बिचारी तर काही काढलं होतं, हेच जाणत नव्हती. मैत्रिणीचा कॉम्प्युटर मिळाला नाही म्हणून तोंड पाडून आली, सहज बटण दाबलं, तर चालू!

"आजी, आज बंदच नाही पडून राह्यला. हात लावून पाह्य."

मी डब्याला हात लावला. गार. माठाला लावावा तसा गार. खोलीत घामानं साडी अंगाला चिकटलेली, आणि हा गार. मनात म्हटलं, वा रे सलीम! संध्याकाळी त्याला कुरड्यांचा चीक पाठवायचा.

दुपारी सलीम आला. दारातच उभा. फुगलेली छाती पार आत गेलेली.

"आत ये ना बाप्पा, उन्हात काहून उभा?"

"काकू... माफ करजा जी. हात सटकला."

त्यानं रुमाल उघडला. आत प्रोसेसर. टोपी वेगळी, खालची हिरवी पाटी वेगळी, आणि मधला काळा काचेसारखा तुकडा कोपऱ्यातून फुटलेला.

मी रुमालाकडे पाहिलं. मग मागे वळून स्क्रीनकडे. बंडी फाटकात अर्धी शिरली होती.

"हा दुसरा कोणाचा हाये?" मी विचारलं.

"दुसरा कुठचा काकू, कसम से! तुमचाच. तुमच्यासमोर तर नेला." मग त्याचंही लक्ष आत गेलं. "हे... हे कायवर चालून राह्यलं?"

पल्लवी उठली. रुमालातला तुकडा तिनं उलटा करून पाहिला. त्याच्या बुडाशी तिनं कधीतरी पेनानं केलेली खूण होती. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. पण ती परत खुर्चीत जाऊन बसली, पाठ करून. हळूच म्हणाली, "आजी, आत्ता कोणी काही बोलू नका. हे होऊ द्या."

सलीमला कुठला दम! "अवो, बिना इंजिनची गाडी चालून राह्यली. मले पाहू तर द्या! एकच स्क्रू."

"डब्याले हात लावशील तर याद राख."

"पण काकू..."

"पण नाही न बिण नाही. पोरीची नोकरी शिजून राह्यली तिथं. झाकण काढायचं नाही."

तेवढ्यात दिलीप घरी आला. सलीमनं त्याला सगळं कानात सांगितलं. मला वाटलं, मुलगा घाबरेल, निदान देवाजवळ दिवा तरी लावेल. तो कमरेवर हात ठेवून म्हणतो कसा, "म्हणजे प्रोसेसर लागतच नाही! आन्‌ तुम्ही मले सहा क्विंटलचा खर्च सांगून राह्यलते!"

असल्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

आम्ही बसून राहिलो. कोणी कूलरचं बटणसुद्धा दाबलं नाही. सलीम उंबऱ्यावर, दिलीप पलंगावर, मी मशीनच्या स्टुलावर. पल्लवीनं माऊसवरचा हातही काढून मांडीत ठेवला होता. पूर्ण दिवस लाईट गेली नाही... आमच्याकडे मे महिन्यात यालाच कुणी अमानवीय म्हणेल. ऊन उतरायला लागलं तेव्हा बंडी पूर्ण आत आली, कापूस उडाला, रेंडर संपला. पल्लवीनं व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला, मोबाईलला लावून उघडून पाहिला, मग बसस्टँडवरच्या नेट कॅफेतून पाठवून आली. आल्यावर तिनंच कॉम्प्युटर बंद केला आणि सलीमला म्हणाली, "उघडा आता."

त्यानं पंखा काढला. खाली जागा रिकामी. बारीक बारीक टाचण्यांसारख्या तारा चमकत होत्या, बस. पंख्याचं बूड त्यानं पुसलं होतं तसंच कोरडं. त्यानं पंखा परत बसवला, बटण दाबलं... पंखा फिरला, स्क्रीन काळी. दहा वेळा दाबलं. काळी ती काळीच.

आता तुमच्या शंका. "काकू, प्रोसेसरशिवायही पंखा फिरतो." फिरतो. पण बंडी चालते का? "सलीमनं दुसरा टाकला असेल." कधी टाकेल, आणि कुठून आणेल? त्यासाठी तर आम्ही सगळे रडत होतो! "तुम्हाला उन्हाची झापड आली असेल." आली असेल मला. पुण्याच्या स्टुडिओलाही आली का? व्हिडिओ त्यांच्याकडे आहे. पल्लवीजवळही आहे, आजही उघडतो.

नंतर दिलीपनंच कुठून तरी एक जुना प्रोसेसर आणून बसवला. तो पहिल्यासारखाच तापतो आणि बंद पडतो. अगदी समजूतदार वागतो.

स्टुडिओचा फोन आठवड्यानं आला. पल्लवी माझ्याजवळच बसली होती. त्यांना कापूस फार आवडला होता. मग ते विचारायला लागले, एवढे तंतू घरच्या कॉम्प्युटरवर कसे काढले, प्रोसेसर कोणता? पोरीनं फोनवर तळवा दाबला. "आजी, काय सांगू?"

मी म्हटलं, "खरं सांग."

"खरं सांगितलं तर नोकरी देतील?"

मी मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "सर, साधाच होता. तो आता फुटला."

त्यावर ते म्हणाले, असू दे, इथे चांगली मशीन मिळेल. एक तारखेला या.