भिंगरीच्या पाठीवरचा चिमटा

ज्युदो शिकवणाऱ्या सरांचं पोट त्यांच्या आधी दारातून आत यायचं. पण मागून कुणी हात घालू दे, माणूस असा गर्रकन फिरायचा की बघणाऱ्यालाच घेरी यावी! पोरं त्यांना भिंगरी म्हणायची. तोंडावर नाही हो, तोंडावर सर.

पोरांच्या अंगात चपळाई यावी म्हणून त्यांचा एक खेळ होता. प्रत्येकाच्या पाठीला कपड्यांचा चिमटा लावायचा. आपला सांभाळायचा, दुसऱ्याचा उडवायचा. चिमटे अर्थातच बायकोच्या दोरीवरचे. "तुमच्या चपळाईपायी माझे टॉवेल शेजारच्यांच्या गच्चीत जातात," ती करवादायची. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती, आणि तिच्यावर डोळा होता सरांच्या सख्ख्या भाचीचा. पोरगी चौदा वर्षांची, हट्टाला पेटलेली. बहिणीने गळ घातली, तशी सरांनी हॉलमध्ये ऐटीत घोषणा केली, "वशिला नाही म्हणजे नाही! माझ्या पाठीवरचा लाल चिमटा जो काढेल त्याची जागा. शनिवारपर्यंत तो पाठीवरच राहील. हॉलमध्ये काढा, रस्त्यात काढा, घरी काढा!" आजवर तो कुणालाच काढता आला नव्हता, म्हणून ही मिजास.

भाचीने आठवडाभर जंग जंग पछाडलं. दर वेळी सर फिरायचे आणि ती तोंडघशी. "पाय चपळ आहेत गं तुझे, पण डोळे चुगलखोर! हात निघायच्या आधी चिमट्याकडे बघतेस." शुक्रवारी ती रडतच घरी गेली. खरं सांगायचं तर सरांचाही जीव तुटला.

शनिवारी संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. चिमटा शाबूत राहावा म्हणून स्टुलावर बसले. भाचीने ढुंकूनही पाहिलं नाही. मान खाली घालून पाणी दिलं, मागे जाऊन पंखा लावला, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. "रुसूबाई!" सर म्हणाले. ती घड्याच घालत राहिली. बहीणही घुश्श्यात. अर्धा चहा तसाच टाकून सर निघाले.

रस्त्यात मात्र सगळेच त्यांच्याकडे हसून बघत होते. न्हावी दुकानाबाहेर आला, फळवालीने शेजारणीला कोपराने ढोसलं. सरांनी छाती पुढे काढून दोघातिघांना हात केला. नाव झालंय आपलं!

घरात पाऊल टाकून ते वळले, तशी बायको पोट धरून खालीच बसली. "अहो, पाठीला मोजा कुणाचा?"

लाल चिमटा गायब. त्याच्या जागी निळा, आणि त्याला लोंबणारा भाचीचा मोजा.

सर आधी लालबुंद झाले. मग त्यांना आठवलं, पोरीने आज एकदाही आपल्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि तसेच ते खो खो हसत सुटले. त्यांनी बहिणीकडे फोन लावला. उचलला भाचीने.

"संघात घेतलंय तुला, भवाने! आणि माझा लाल चिमटा?"

"माझ्या पाठीवर आहे, मामा. ये, काढून दाखव!"