ठिसूळ हूक

दशरथ साळवे याची येरवड्यातली भट्टी म्हणजे एक पत्र्याची शेड, पाच कामगार आणि एकच गिऱ्हाईक. जड माल उचलायचे लोखंडी हूक कंपनीतून येत. दशरथ ते तापवी, तेलात विझवून कडक करी आणि परत धाडी. "बाकीची कामं सोडा, तुमची भट्टी आम्हीच भरून टाकू," असं कंपनीने सांगितलं, तेव्हा त्याने जुनी गिऱ्हाइकं आपणहून तोडली होती.

मार्चअखेरीला कंपनीचे खरेदी अधिकारी आमोद देवधर स्वतः शेडवर आले. "दशरथराव, माल आज संध्याकाळी गाडीत हवा."

"साहेब, विझवलेला हूक पुन्हा मंद आचेवर ठेवावा लागतो. नाहीतर काचेसारखा तडकेल."

"ते आम्हालाही कळतं. जमत नसेल तर सांगा, भोसरीत पुष्कळ जण वाट बघत बसलेत. काही झालंच तर मी आहे ना!"

दशरथने शेडमधल्या पाच जणांकडे पाहिलं आणि माल तसाच गाडीत चढवला.

आठवड्याच्या आत कंपनीत त्यातला एक हूक तुटला. खाली वैजनाथ नावाचा फिटर उभा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

सरकारी कारखाना निरीक्षक कंपनीत चौकशीला आले, त्या दिवशी आमोद यांनी दशरथला जिन्यातच गाठलं. "चूक तुमची म्हणा. काम चालू राहील, शब्द देतो." आणि आत सगळ्यांसमोर, टेबलाकडे बघत विचारलं, "दुसऱ्यांदा तापवायचं तुमच्याकडून राहून गेलं, बरोबर?"

"हो," दशरथ म्हणाला.

बायकोला, राधाला, त्याने घरी सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "आणि त्या माणसाला काय सांगणार?"



पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीने त्याला काम देणं बंद केलं. कारण अगदी चोख होतं: ज्याने स्वतःच्या तोंडाने हलगर्जी कबूल केली, त्याच्याकडून माल कसा घ्यायचा? आमोद फोन उचलेनासे झाले.

तेव्हा कुठे दशरथ वैजनाथच्या घरी गेला. खाटेजवळ उभा राहून त्याने झालं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," वैजनाथ म्हणाला.

"हो."

"साहेबांनाही."

"हो."

"मग मलाच तेवढं सांगायचं राहिलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी दशरथ त्याच कारखाना निरीक्षकांकडे गेला. निरीक्षकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "काम होतं तेव्हा एक बोललात, काम गेल्यावर दुसरं. आम्ही कुठलं खरं मानायचं?" चौकशी पुन्हा उघडलीच नाही. भट्टी विकली गेली, कामगार पांगले. दशरथ हल्ली एका गोदामात माल उतरवतो.

कृत्रिम पायासाठी वैजनाथला अधूनमधून दवाखान्यात जावं लागतं. दशरथ रजा टाकून त्याला न्यायला जातो. वैजनाथ त्याच्या खांद्याचा आधार घेतो, रिक्षात बसतो. बोलत मात्र नाही.