एर्मेकचा दुसरा घास

हॅरोच्या स्टेशनाबाहेर पडलो आणि लंडन काही दिसेना. साड्यांची दुकानं, कोथिंबिरीच्या जुड्या, ओळखीचे वाटणारे चेहरे. मामेभाऊ सुनील म्हणाला, ‘‘लंडनला इथून ट्यूबने जायचं असतं, दादा. इथे आपणच.’’

त्याच्या घरात वरच्या मजल्यावर मात्र किरगिझस्तान होता. एर्मेक आणि त्याची बायको ऐनुरा तिथे भाड्याने राहत. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. एर्मेक आधी शाळामास्तर, मग विरोधी पक्षाचा खासदार. सोन्याच्या खाणीच्या कराराबद्दल प्रश्न विचारले म्हणून तुरुंगात गेला, सुटल्यावर इथे आला. आता तिकडे सत्ता पालटली होती आणि निवडणूक लढवायला तो दुसऱ्या दिवशी परत निघाला होता.

रात्री ऐनुराने बेशबर्माक (रुंद शेवयांवर उकडलेलं मटण) वाढलं. मी एर्मेकला विचारलं, ‘‘भीती नाही वाटत?’’

‘‘भाषण करताना नाही. दाढी करताना वाटते.’’

सकाळी मला उशिरा जाग आली. तो निघून गेला होता. दुसऱ्याच्या घरी आयतं खायचा मला फार संकोच, म्हणून ओटा आवरायला घेतला. खुंटीला पांढऱ्या फडक्यात एक नान टांगलेला होता, कड दातांनी तोडलेली. मी तो चहाच्या चोथ्याबरोबर कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला आणि फडकं धुऊन वाळत घातलं.

ऐनुरा खाली आली. खुंटीकडे पाहिलं, मग बिनमध्ये, आणि खुर्चीत बसली.

सुनीलची बायको मधुरा हळूच म्हणाली, ‘‘काय केलंत हे, दादा? त्यांच्यात लांब जाणारा माणूस निघताना एक घास तोडतो. उरलेला नान तो परत येऊन खाईपर्यंत जपतात.’’

‘‘मला वाटलं, कुणाचं तरी उष्टं.’’

‘‘उष्टंच ते. म्हणूनच ठेवायचं.’’

काल भाजलेल्यांतला एक नान शिल्लक होता. विमान दुपारचं. मी तो मागून घेतला आणि हीथ्रोची बस पकडली. बस दर स्टॉपला थांबत होती. मी शेजारच्या सरदारजींना पुन्हा पुन्हा वेळ विचारत होतो.

‘‘विमान चुकतंय का?’’

‘‘माझं नाही,’’ मी म्हणालो.

विमानतळावर कल्पाक (उंच पांढरी लोकरी टोपी) घातलेला एर्मेक समर्थकांबरोबर फोटो काढून घेत होता. मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण पासपोर्ट धरलेली बोटं आवळली गेली.

‘‘ऐनुराने पाहिलं?’’

‘‘हो.’’

‘‘दोनदा मत टाकायची रीत सरकारवाल्यांची. आज मीही गैरप्रकार करतो.’’

मग तो खांबाआड गेला, समर्थकांकडे पाठ केली आणि घास तोडला. बराच वेळ चावत राहिला.

तो नान मांडीवर सांभाळत मी हॅरोला परतलो. ऐनुराने तो फडक्यात बांधून टांगला आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

पुण्यात परतल्यावर मी पेपरात परदेशाचं पान आधी उघडू लागलो. एर्मेक निवडून आला, पण नव्या सरकारशीही त्याचं पटलं नाही. तो पुन्हा विरोधी बाकावर गेला. त्यानंतर पेपरात काहीच आलं नाही. कोणता घास खरा धरायचा, पहिला की दुसरा, हा वेडा प्रश्न मला ऑफिसातही सोडत नसे. दर रविवारी फोन करायचो. मधुरा म्हणायची, ‘‘सगळं ठीक, दादा.’’

गेल्या रविवारी फोन सुनीलने उचलला. ‘‘एर्मेकला अटक होऊन महिना झाला,’’ तो बोलून गेला आणि थांबला. ‘‘तुला सांगायचं नव्हतं, दादा. ऐनुराने बजावलं होतं. म्हणाली, ते स्वतःलाच दोष देत बसतील.’’