जमिलाचं भांडं

नवऱ्याला स्वयंपाकातलं काय येतं, असं कुणी विचारलं की रेखा सांगे, "गॅस बंद करता येतो." पण दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात मस्कतच्या ऑफिसातल्या हंगेरियन साहेबांनी चंद्रहासना आपल्या आईच्या हातचा म्हणून एक पदार्थ खिलवला आणि गृहस्थांच्या अंगात बल्लवाचार्य संचारले. आंबवलेला कोबी, भात आणि खिमा यांचे थरावर थर, वर आंबट क्रीम, आणि सगळं ओव्हनमध्ये.

अडचण एकच होती. खिमा डुकराचा. वादी कबीर वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मटण-मासळी चाले, पण हे रेखाने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. म्हणून सुपरमार्केटच्या आतल्या, बिगरमुस्लिम गिऱ्हाइकांसाठीच्या खोलीत चंद्रहास मान खाली घालून शिरले आणि घरी येऊन खुशाल म्हणाले, "मटणाचा खिमा आणलाय."

शुक्रवारी पदार्थ झाला. रेखाने दोन घास खाल्ले. "अहो, जमलं की!" या शिफारसपत्रावर चंद्रहास तृप्त होऊन आडवे झाले. उठून पाहतात तर ट्रेचा एक कोपरा रिकामा.

"समोर दिला," रेखा म्हणाली. "जमिलाचं भांडं कधीचं ओट्यावर पडलं होतं. रिकामं कसं पाठवायचं?"

समोर म्हणजे रत्नागिरीचे मुनीर आणि जमिला. दोन घरांत भांड्यांची इतकी ये-जा, की तळाशी कोरलेलं नाव बघितल्याशिवाय कुठलं कुणाचं ते कळत नसे. चंद्रहास लुंगीवर, अनवाणी धावले. मुनीरने खुब्ज रोटीचा तुकडा मोडून भांड्याकडे हात नेलाच होता.

"खाऊ नका! डुकराचं आहे ते!"

मुनीरचा हात थांबला. जमिलाने भांडं उचलून चंद्रहासच्या हातात दिलं. "भावजी, ता भांडा आता तुमच्याकडेच ऱ्हवू द्या." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी रेखाने मिठाच्या पाण्याने इतक्या गुळण्या केल्या की गळ्याला सूज यावी. नवऱ्याशी बोलणं तिने दही-भात वाढण्यापुरतं ठेवलं. चंद्रहास माफी मागायला गेले तेव्हा मुनीर म्हणाला, "भाऊ, वेळेवर आलात ना? खलास." पण शुक्रवारमागून शुक्रवार गेले, समोरून बिर्याणी येईना. रेखाच्या ऑपरेशनच्या वेळी याच घराने त्यांना महिनाभर जेवू घातलं होतं. आपल्या हौसेपायी ते दार बंद झालं, या विचाराने चंद्रहासना जेवण गोड लागेना. पदार्थ मात्र त्यांनीच संपवला. दुसरं कोण खाणार?

मग एका शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात जमिला, हातात झाकलेलं भांडं. भांडं नवंकोरं, वास जुन्याच बिर्याणीचा.

"वहिनी," ती म्हणाली, "भांडा धुवून रिकामाच पाठवा हां. आत काय एक घालू नका." आणि चंद्रहासकडे बघून पदराआड हसली.

संध्याकाळी भांडं पोचवायला चंद्रहास स्वतः गेले. मोकळ्या भांड्यासह कुणाच्या दारात उभं राहायची त्यांना सवय नव्हती, भारी लाज वाटत होती. मुनीरने भांडं घेतलं, आत डोकावून पाहिलं, उलटं करून टिचकी मारली.

"ठीक आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आता आत या, चहा टाकलाय."