मार्चअखेरची सही

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. सरकारी नोकरीत असलं माणूस टिकत नाही, असंही म्हणायची. मी टिकले, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला गृहनिर्माण खात्यात अंदाजपत्रक सांभाळणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचले. त्या खुर्चीत बाई दिसली की कंत्राटदार आधी इकडेतिकडे बघायचे, साहेब कुठे गेले म्हणून. मी म्हणायचे, "इकडे बघा. साहेब मीच."

माझ्या केबिनच्या दाराशी जे शिपाई बसत, त्यांना सगळे मामा म्हणत. मूळचे कोकणातले, आधी गिरणीत होते. भांडुपच्या डोंगरावर एका खोलीत त्यांची आठ माणसं राहायची. मुलुंडला आमच्या खात्याच्या इमारती होत आल्या होत्या आणि सोडतीत मामांचा नंबर लागला होता; चाव्या पाडव्याला द्यायच्या ठरल्या होत्या. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या बापाने अट घातली होती: अक्षय्य तृतीयेपर्यंत नव्या घराची चावी दिसली तर लग्न, नाहीतर राम राम. रोज चहाचा कप ठेवताना मामा विचारायचे, "बाई, पाडव्याक चावी मिळतली ना?"

"मिळतली, मिळतली. आधी चहात साखर घाला."

मार्च उजाडला की आमच्या खात्यात सगळ्यांची झोप उडायची. वर्षासाठी मंजूर झालेला पैसा एकतीस तारखेपर्यंत खर्ची पडला नाही तर परत जायचा, आणि मग तो पुन्हा मिळवण्यात पुढचं अख्खं वर्ष. त्यामुळे एक रीतच पडली होती. काम अर्धवट असलं तरी 'काम पूर्ण' असा दाखला तयार करायचा, त्यावर सही घेऊन बिल पास करायचं आणि राहिलेलं काम एप्रिल-मेमध्ये उरकायचं. कधी ते उरकायचं, कधी तसंच राहायचं.

तीस तारखेला इंजिनिअर मुलुंडची फाइल घेऊन आले. दाखल्यात लिहिलं होतं, पाणीपुरवठ्यासह सर्व काम पूर्ण.

"झालंय?" मी विचारलं.

"झाल्यासारखंच आहे, मॅडम."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली मी नव्हते. जीप काढायला लावली, इंजिनिअरला घेतलं, मागे मामा बसले, आणि ऐन दुपारी मुलुंड गाठलं. जिने चढून तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात गेले आणि मोरीतला नळ सोडला. थेंब नाही. खाली पंप बसवलेला नव्हता, मोठ्या पाइपाला जोडणी नव्हती.

"अहो, हे पूर्ण?"

इंजिनिअरला घाम फुटला. "मॅडम, महिन्याभरात जोडून देतो. उद्या सही झाली तर पाडव्याला चाव्या वाटता येतील. पैसा परत गेला तर कंत्राटदार काम टाकून निघेल, वर्ष जाईल. लोकांची वाट लागेल हो."

मामा दाराबाहेर चपला काढून आत आले होते. हाताच्या वितीने भिंत मोजत होते. कॉट मावेल का बघत असावेत. आमचं बोलणं ऐकून ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी जिना उतरले.

एकतीस तारीख मला अजून आठवते. सकाळपासून फोन. वरचे साहेब म्हणाले, "बाई, इतकं ताणू नका." लेखा शाखेतला माणूस दर अर्ध्या तासाने डोकावून जाई. पाचला बिलं घेण्याची खिडकी बंद. चार वाजले तरी फाइल माझ्यासमोर उघडीच होती. खरं सांगते, दोनदा पेन उचललं. पण आज सही केली आणि तो नळ कोरडाच राहिला तर? बिनपाण्याच्या घरात माणसं ढकलायची? छे! मी लिहिलं, "पाणी नाही. सही करणार नाही." बेल वाजवली. मामांनीच ती फाइल उचलली आणि इंजिनिअरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पैसा परत गेला. काही जणांनी मला शिव्या दिल्या, बरेच जण म्हणाले, अशी अधिकारी हवी. मला ते आवडलं. घरी दोन दिवस तेच सांगत होते.

अक्षय्य तृतीया होऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मामांनी बरेच दिवस चावीचं विचारलेलं नाही.

"मामा, लग्नाचं काय झालं?"

"मोडला."

"अहो, मग मला सांगायचं नाहीत?" माझा आवाज चढला. राग त्यांच्यावर नव्हता, पण निघाला त्यांच्यावरच. "आणि राहिला असतात कसे तिथे? नळाला थेंब नव्हता!"

मामांनी कप ठेवला. आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नाही.

"बाई, डोंगरावर आमका नळ खय आसा? रोज खाली उतरतो, हंडो भरतो, वर चढतो. थयसर तीनच जिने होते."

माझ्या पार्ल्याच्या घरी तेव्हा दोन्ही वेळा पाणी यायचं.