हापशातली चामड्याची वाटी

हापसा बसवायचा हट्ट माझा. उगाच दुसऱ्यावर ढकलणार न्हाय. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं आमचं घर, परसात विहीर, आणि त्या विहिरीतनं रोज चाळीस घागरी ओढणारी मी, तारामती, घरातली एकुलती एक सून. सेहेचाळीस साल होतं. माझं वय चोवीस आणि कंबर साठीची. मालक तंबाखूच्या सौद्याला गावोगाव हिंडायचे, त्यांना काय ठाऊक दोर हाताला कसा कापतो ते!

सासूबाई राजमतीआक्का. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सगळी पेठ त्यांना वचकून असायची आणि मी तर लईच. ओरडायच्या न्हाईत कधी. पाणी प्यायचं सोडायच्या. आम्ही जैन, पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्यायचं, फडक्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, हे आमच्यात सगळीच घरं पाळतात. पण एकदा आमचं गाळणं उसवलेलं निघालं. चूक माझीच. तर आत्याबाईंनी तीन दिवस पाण्याचा थेंब घेतला न्हाय. तिसऱ्या दिवशी न्हाणीत पडल्या. वैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले, परत असं झालं तर ह्यांचं काळीज सोसायचं न्हाय. त्या दिवसापासनं त्यांना पाणी देताना माझा जीव मुठीत असायचा.

तर हापशाची गोष्ट काढली तेव्हा आत्याबाईंनी एकच विचारलं, त्यात चामडं असतंय काय? असतंय. हापशाच्या पोटात दट्ट्या वरखाली होतो, त्याला चामड्याची वाटी असते, आणि ती चरबीत मुरवून मऊ केलेली असते. पण दुकानदार म्हणाला रबराची वाटीही करता येते, आणि ते काम करायला त्यानं भावकूला पाठवलं.

भावकू येळ्ळूरचा. तिशी उलटलेला, उंच, अंगात खाकी सदरा, पायात पल्टणीचे बूट. सहा वर्षं मराठा पल्टणीत काढलेली, इटलीची लढाई बघून आलेला. लढाई सरली तसं पल्टणीनं त्याला घरी पाठवलं. सुटलेल्या शिपायांनी काय करावं म्हणून सरकारनं बेळगावात हातकामाचा वर्ग काढला होता, सहा महिन्यांचा. कुणी मोटार शिकलं, कुणी सुतारकाम. ह्यानं नळकाम घेतलं. भावकी हसली त्याला. बंदूक धरलेल्या हातानं आता लोकांच्या मोऱ्या उपसणार व्हय रं, म्हणाली. बायको, मनुबाई, दोन दिवस बोलली न्हाय. नळकामच का, हे त्यानं कुणालाच सांगितलं न्हाय. वर्गात पहिल्या दिवशी मास्तरानं पाइपावर हातोडा घातला तर हा भुईवर पालथा पडला. वर बघितलं तर आख्खा वर्ग पालथा. हे त्यानं मला लई दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना हसला न्हाय.

काम मात्र देवपूजा केल्यासारखं सावकाश करायचा. विहिरीवर फळ्या टाकून तोंड झाकलं, पाइप सोडला, आटे पाडले, सुतळी गुंडाळून सांधे आवळले. आत्याबाई माजघराच्या दारात बसून बघत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, वाटी कसली? भावकूनं लॉरीच्या ट्यूबातनं कापलेली रबरी वाटी उचलून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि जपाला आत गेल्या. भाद्रपदातलं आमचं दहा दिवसांचं पर्व दुसऱ्या दिवशी लागणार होतं. त्यात आत्याबाईंचं दिवसातनं एकदाच जेवण, एकदाच पाणी.

रबरी वाटी बसवली, हापसलं, तर नुसता फुसफुस वारा. परत काढली, परत कापली, परत वारा. दुपार कलली. मीच बाई डोक्यावर बसले होते त्याच्या, आज झालं पाहिजे, उद्यापासनं पर्व, परक्या माणसाला पाण्यापाशी येता यायचं न्हाय. मी चूल बघायला आत गेले आणि बाहेर धो धो पाणी पडल्याचा आवाज आला. काय सांगू, मला रडूच आलं. आत्याबाई बाहेर आल्या, हापशाला गंध-अक्षता लावल्या, पाणी गाळून घेतलं आणि तिथंच उभ्यानं ओंजळभर प्याल्या. भावकूला म्हणाल्या, बाबा, माझ्या सुनेची कंबर वाचवलीस. मी त्याच्याकडं बघितलं. माणूस पांढराफटक पडला होता. मला वाटलं दमला असेल.

सात दिवस मी राणीसारखं पाणी भरलं. पण एक गोष्ट खटकायची. परसाच्या दारातनं बघावं तर भावकू गल्लीत. सकाळी असायचा, तिन्हीसांजेला असायचा. दुसरीकडं कामं असतील म्हणावं तर हातात पिशवी नसायची. सातव्या दिवशी आत्याबाई मंदिरात गेल्या होत्या तेव्हा मी दार उघडून त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, बायकामाणसांच्या घरावर नजर ठेवतोस, लाज वाटत न्हाय? तर तो उंबऱ्याबाहेर मटकन बसला.

त्यानं सांगितलं. रबर काही केल्या पाणी धरेना. नुसतं बघावं, दोष वाटीचा की पाइपाचा, म्हणून त्यानं पिशवीतली चामड्याची वाटी घातली. वर्गात सहा महिने तीच घालत आला होता, हात आपसूक तिकडं गेला. पाणी आलं. आता ही काढून रबराची नीट कापायची, असं म्हणेपर्यंत आत्याबाई आल्या आणि प्याल्या.  उद्या येऊन गुपचूप बदलू असं मनात म्हणाला, तर उद्यापासनं पर्व.

 सात दिवस. चामडं, चरबी, आणि व्रतातलं पाणी! मी त्याला नको नको ते बोलले. मग भानावर आले आणि म्हटलं, गप बस. कुणाला सांगू नकोस. पर्व संपलं की बदल आणि विसर.

तो मान हलवेना. म्हणाला, "वैनी, मी एकदा पाण्याबद्दल खोटं बोललोय. एक माणूस गेला."

इटलीत तो पाण्याच्या टाकीवर होता. विहिरीचं पाणी टाकीत भरायचं, त्यात दवा टाकायची, अर्धा तास थांबायचं, मगच पल्टणीला द्यायचं. एके दिवशी घाई होती, वरनं गोळे पडत होते, ह्यानं दवा टाकली न्हाय. हवालदारानं विचारलं, टाकली काय? हा म्हणाला, टाकली. चौघांना हगवण लागली. तिघं उठले. चौथा शामू, ह्याच्याच गावचा, शेजारच्या घरातला. शामूची आई अजून त्याला वाटेत थांबवून विचारते, माझं लेकरू शेवटी काय म्हणालं रं? म्हणून नळकाम. म्हणून पाणी. एवढं बोलला आणि त्यानं तोंड गुडघ्यात घातलं.

मला त्याची कणव आली, पण भीती त्याहून मोठी होती. मी म्हटलं, भावकूअण्णा, तू सांगितलंस तर ही म्हातारी पाणी सोडंल आणि मरंल. मग ते कुणाच्या माथ्यावर? निदान पर्व संपू दे, पारण्याचे दोन घास पोटात जाऊ देत. शेवटी तो व्हय म्हणाला.

आणि मग ते तीन दिवस. दोन दिवस रोज दुपारी मी त्याच हापशाचं पाणी गाळून, उकळून आत्याबाईंच्या ओंजळीत ओतलं. विहिरीचं तोंड फळ्यांनी झाकलेलं, शेजारनं आणावं तर का म्हणून विचारतील. मला ठाऊक असताना ओतलं. माझी धार ओंजळीबाहेर सांडायची. त्या म्हणायच्या, तारा, तुला बरं न्हाय काय? मी म्हणायची, उपासानं. तिसरा दिवस अनंत चतुर्दशीचा, त्यांचा निर्जळी उपास. त्या दिवशी पाणी द्यायचं न्हाय म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

चौथ्या दिवशी सकाळी पारणं. ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आत्याबाई पाटावर बसल्या आणि परसाच्या दारात भावकू उभा. जेवण झाल्यावर ये म्हणून मी बजावलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाय. उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं, चामडं, चरबी, दहा दिवसांचं मौन. मी खांबाला टेकले. 

आत्याबाईंनी तांब्या उचलला होता. तो खाली ठेवला. आवाज काही चढला न्हाय.

"हे आणि कुणाला ठावं हाय?"

 आता हा म्हणणार, वैनीला ठावं हाय. आत्याबाईंना हे कळलं तर त्या ह्या जन्मात माझ्या हातचं पाणी घेणार न्हाईत.

"कुणाला न्हाय, आक्का," भावकू म्हणाला. "मी एकटाच."

त्यांनी ताट सारलं आणि खोलीत जाऊन आडव्या झाल्या. पाणी सोडलं.

भावकूनं त्या दिवशी फळ्या काढल्या, वाटी काढली, हापसा उकळत्या पाण्यानं धुतला आणि रबराची वाटी कापायला बसला. पाच वाट्या वाया गेल्या. सहावी बसली तेव्हा दिवस मावळला होता. मग तो घरी गेला न्हाय, परसाच्या पायरीवर बसून राहिला. मी भाकरी दिली, घेतली न्हाय. पाणी दिलं, घेतलं न्हाय. मालक सांगलीला, त्यांना माणूस पाठवला होता. दुसरा दिवस तसाच. आत्याबाईंचे ओठ फुटले. मी दर घटकेला छातीवर हात ठेवून बघायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता ठोका लागायचा न्हाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. आवाज कसला, नुसता वारा. विचारलं, तो गेला काय? मी म्हटलं, न्हाय, पायरीवर बसलाय. जेवला? न्हाय. पाणी? न्हाय, आत्याबाई, तुमच्यासारखंच. त्यांनी मला हात धरून उठवायला लावलं. भिंतीला धरत धरत दारापाशी आल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. तोही बघत राहिला, लढाईत गोळी लागायची वाट बघावी तसा.

"भावकू," त्या म्हणाल्या, "दाराशी उपाशी माणूस असताना माझं पारणं व्हायचं न्हाय. ओंजळ धर."

मी दोरानं पाणी ओढलं, गाळलं आणि त्याच्या ओंजळीत वरनं धार धरली. तो प्याला. मग आत्याबाई तिथंच पायरीवर बसल्या आणि प्याल्या. मी त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत होते, आणि सगळं आत्ता सांगून टाकावं असं मला वाटत होतं. तोंड उघडलं न्हाय.

त्यानंतर आठ-नऊ महिनेच त्या जगल्या. एवढ्या काळात हापशाला हात लावायचा तो फक्त भावकूनं. तो दट्ट्या काढून रबराची वाटी त्यांच्या हातावर ठेवायचा, त्या बघायच्या आणि मान हलवायच्या. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. शेवटचं पाणी माझ्याच हातचं.

सुतकाचे दिवस सरल्यावर भावकू भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारलं. म्हटलं, पाण्याबद्दल परत खोटं बोलणार न्हाय म्हणालतास, मग माझ्यासाठी का बोललास?

तो पिशवीचा बंद बांधत होता. म्हणाला, "मी येळ्ळूरला गेलो असतो, वैनी. तुमाला ह्याच घरात ऱ्हायाचं हुतं."