चॉकलेट वाटणारी बाई

पोरानं प्रश्न विचारला की मावशी आधी एक बोट वर करायची. थांब. गिरणीच्या दगडात दाणे असताना मोटार बंद करत नाहीत, पुन्हा चालू करताना ती जळू शकते. म्हणून वर ओतलेलं दळण संपेपर्यंत ते पिठानं पांढरं झालेलं बोट हवेतच राहायचं, आणि विचारणारं पोरही तसंच तोंड उघडं ठेवून उभं. मग ती खटका पाडायची. पट्टा फटफट करत थांबायचा. कानावरून आवळलेला पदर मागं सारून ती ओरडायची, “हं, बोल आता!”

ओरडायची, कारण तिला हळू बोलता येतच नव्हतं. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून गळा तसाच झाला होता. देवाबद्दल सांगताना सुद्धा लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणाचा तरी पाणउतारा चाललाय.

डबे घेऊन बसलेल्या बायका चिडायच्या. आमच्याकडं गिरणीला लागणारी लाइट दिवसातून थोडेच तास. ती असताना गिरणी बंद म्हणजे काय?

“अगं बये, लाइट हाय तवर दळून घे की. पोरांचं काय, उद्या विचारत्याल.”

“तुझी बाजरी कुठं पळून चाललीय? हे पोरगं जाईल पळून.”

आमचं गाव सुप्यापासून आत, माळावर. शेतात बाजरी-ज्वारी, आणि बाप्ये माणसं एमआयडीसीत. गावात ख्रिस्ती घर हे एकच. मावशीचा नवरा नगरला एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तो गेल्यावर ती सासरच्या या गावात येऊन गिरणीवर बसली. रविवारी गिरणी बंद. सकाळी पांढरं लुगडं नेसून ती जीपनं चर्चला जायची. आमच्या घरातलं पीठ नेमकं रविवारीच संपायचं, आई चिडायची, आणि मला सोमवारी विचारायला प्रश्न मिळायचा.

“मावशी, तुझ्या देवाला रविवारी पीठ लागत न्हाई का?”

“लागतं. पन त्यानं सोता एक दिवस सुट्टी घेतली, मग मला बी दिली. तुझ्या आईला म्हनावं, तू बी घे.”

आईला मी तसं सांगितलं. आईनं पाठीत धपाटा घातला.

गिरणीच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, खांद्यावर कोकरू घेतलेल्या येशूचं. एकदा धनगराच्या पोरानं विचारलं, “हा आमच्यातला का?”

“न्हाई रे, सुतार हुता. पन मेंढरं राखनाऱ्यांशी त्याचं लई जमायचं.”

पोरगं आठ दिवस छाती काढून फिरलं.

कुणी विचारलं, मेल्यावर आमची म्हैस स्वर्गात जाईल का? मावशी म्हणाली, “ठाऊक न्हाई. चर्चातल्या पाळकसाहेबांना इचारून सांगते.” आणि खरंच विचारून आली. पुढच्या सोमवारी गिरणी बंद करून ओरडली, “म्हशीचं त्यांना बी ठाऊक न्हाई!”

माझी मैत्रीण जरा आगाऊ. तिनं भर गर्दीत विचारलं, “मरियेला पोर व्हनार कळल्यावर तिच्या नवऱ्याला राग न्हाई आला?” मावशीनं तिच्याकडं पाहिलं, मग बायकांकडं पाहिलं. “आला असंल. सोडायचं ठरवलं हुतं त्यानं, पन गुपचूप. गावानं तिला चार तोंडांनी बोलावं असं नको हुतं त्याला. मग न्हाई सोडलं. झालं का समाधान?” बायका आपापल्या डब्यात बघायला लागल्या. त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या एका सुनेबद्दल त्या काय काय बोलत होत्या, ते आम्हा पोरींनाही ठाऊक होतं.

मी विचारलेलं एक मला अजून आठवतं. “देव हुता, तर खिळे मारायच्या आधी पळून का न्हाई गेला?”

“धरायला आले तवा त्याच्या संगं त्याची मानसं हुती. तो म्हनाला, तुमाला पायजे तो मी हाय, यांना जाऊ द्या. पळाला असता, तर यांना धरलं असतं. कळलं? न्हाई कळलं. जा, मोठी झाल्यावर कळंल.”

तांबोळ्यांचा रफिक म्हणाला, आमच्यात तर असं सांगत नाहीत. मावशीनं त्याचं पीठ त्याच्या डब्यात भरत म्हटलं, “मग घरी जाऊन अब्बाला इचार, तुमच्यात कसं सांगतात. मी आमच्यातलं सांगितलं. ज्याचं दळण त्याच्या डब्यात.” हे तिचं नेहमीचं. कुणी आमच्या देवळातलं काही विचारलं की ती गुरवाकडं पिटाळायची. दुसऱ्याच्या देवाबद्दल तिनं आपल्या मनचं कधी सांगितलं नाही. गव्हात बाजरीचं पीठ गेलं तर जशी चिडायची, तशीच यातही चिडायची.

आणि एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. या बाईनं पोरांना कधी काही दिलं नाही. गुळाचा खडा नाही, लिमलेटची गोळी नाही. नाताळाच्या करंज्या ती घरोघर जाऊन आयांच्या हातात द्यायची. “पोरांकडं दिल्या तर वाटंतच संपत्याल.” आम्ही आशेनं घुटमळलो तर म्हणायची, “घरी भाकरी न्हाई का? मग जा की.” अशी चिक्कट माणसं तुम्हीही पाहिली असतील. पोरं त्यांच्याकडं खाऊसाठी जात नाहीत. आम्ही जायचो, कारण गावात दुसरं कुणी आमच्यासाठी हातातलं काम थांबवत नव्हतं.

माझी आठवी झाली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, शाळा बंद म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशी पिठानं माखलेली आमच्या दारात. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, “इचारनारी पोर हाय ही! घरात बसवून काय घालता, लोनचं?” आप्पा लाजेनं काळेठिक्कर पडले, पण मला नववीला घातलं. ते एक वर्ष माझ्या आयुष्यात त्या बाईमुळं आलं. आज इथं गुजरातेत मोरबीला, टाइल्सच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, किराणा मालाची यादी मी लिहिते. बाकीच्या बायांपेक्षा मला त्यामुळं थोडा मान आहे. तोही तिचाच.

आता पुढचं. हे आठवलं की माझं लाटणं पोळपाटावर आपटायला लागतं. शेजारची विचारते, काय झालं? मी म्हणते, काही नाही.

गावात एक ठेकेदार होता. सुप्याच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा. आप्पा त्याच्याच हाताखाली. त्यानं स्टँडजवळ नवी गिरणी टाकली, मिरची कांडायच्या मशीनसकट. उद्घाटनाला पेढे वाटले. बायकांनी पेढे खाल्ले आणि दळण घेऊन पुन्हा मावशीकडं गेल्या. तिचं पीठ बारीक असायचं आणि डब्यात कमी भरत नसे.

मग एका सकाळी ठेकेदार आमच्या ओट्यावर बसलेला दिसला. हातात टाइप केलेला कागद. त्यावर होतं, सदर महिला गावातील लहान मुलांना चॉकलेट व खाऊचे आमिष दाखवून धर्म बदलण्यास प्रवृत्त करते. खाली मुलांच्या सह्यांसाठी जागा.

मी वाचलं आणि मला आधी हसूच आलं. मावशी आणि चॉकलेट!

“आप्पा, हे खोटं हाय.”

आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, “खोटं हाय ते मला बी कळतं. माझं काम तर खरं हाय ना? कर सही.”

मला वाचता येत नसतं तर आज सांगायला काहीतरी असतं. पण मी नववीत होते. शब्दन् शब्द वाचला आणि सही केली. पहिली सही माझी. माझ्याखाली आणखी तिघांच्या.

हवालदार येऊन मावशीला घेऊन गेला. दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. काही निघालं नाही. निघणार काय होतं? कॅलेंडर? पाळकसाहेब जीपमधून आले, घाम पुसत म्हणाले, “मावशी, एक माफीनामा लिहून द्या. आपण थोडी माणसं. मिटवून घेऊ.”

मावशी म्हणाली, “लिहिते की साहेब. चॉकलेट कुठल्या दुकानातून आनलं, ते बी लिहू का?”

ते गेले. पुन्हा आले नाहीत.

मला ठेकेदाराचा राग येतोच, पण तो निदान आपल्या फायद्यासाठी खोटं बोलला. मला जास्त राग येतो तो डबे घेऊन बसणाऱ्या त्या बायकांचा. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. कोण काय विचारतं, मावशी काय सांगते, त्यांना पाठ होतं. त्यातली एक जरी चौकीत जाऊन म्हणाली असती, की साहेब, ही बाई कुणाला दाणा देत नाही, तर विषय तिथंच संपला असता. एकही गेली नाही. माझी आई गेली नाही. उलट ठेकेदाराच्या गिरणीपुढं रांग लागली. दोन महिने मावशी रोज गिरणी उघडून, दगड पुसून, दारात बसायची. लाइट यायची आणि जायची. आम्ही घरी जाड पिठाच्या, चिरा पडलेल्या भाकरी खायचो आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

त्या दोन महिन्यांत मी गिरणीवरून एकदाही गेले नाही. शाळेला मागच्या वाटेनं जायची. एक दिवस कळलं, मोटार भंगारवाल्याला विकून ती श्रीरामपूरकडं बहिणीच्या गावाला गेली. नववी संपली आणि माझी शाळाही सुटली. या वेळी ओरडायला कुणी आलं नाही.

लग्न झालं. मोरबीला निघायच्या आधी मी नवऱ्याला खोटं सांगून श्रीरामपूरची एसटी पकडली. मावशी बहिणीच्या अंगणात ताटात मठाचे दाणे निवडत बसली होती. पीठ नव्हतं अंगावर, त्यामुळं आधी ओळखूच आली नाही. कितीतरी काळी होती ती.

“मावशी, त्या कागदावर माझी सही हुती.”

“ठाऊक हाय. हवालदारानं दाखवला मला. पयली तुझीच.” आवाज तसाच होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. “दुसऱ्या कुनाची असती तर मला काय वाटलं नसतं.”

मी रडायला लागले. ती मठ निवडत राहिली. रडता रडताच मी विचारलं, “मला माफ केलं का गं?”

तिनं ताट खाली ठेवलं. वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवेल. तर ती चिडली.

“तुमाला वाटतं, एकदा केलं की झालं? सकाळी प्रार्थनेत करते मी तुला माफ. मनापासनं करते. दुपारपातूर टिकतं. दुपारी भाकर खाल्ली की गिरनी आठवती, तुझं ते अक्षर आठवतं, आनि असा राग येतो, असा राग येतो! सगळं जातं. मग दुसऱ्या दिवशी परत पयल्यापासनं. रोजचं हाय हे.”

“मी लिहून देते मावशी, ते खोटं हुतं म्हनून.”

“मला काय देती? मला ठाऊक हाय खोटं हुतं. गावाला दे.”

मी होकार दिला. आणि दिलं नाही. आप्पा अजून त्याच ठेकेदाराकडं होते. दर दिवाळीला वाटायचं, या वेळी देऊ. दर दिवाळीला न देताच मोरबीला परत यायचे. गेल्या वर्षी आप्पांची कंबर धरली आणि ठेकेदारानं एका फोनवर त्यांना घरी बसवलं. इतकी वर्षं ज्या कामासाठी मी तोंड शिवून बसले होते, ते काम असं गेलं.

त्याच आठवड्यात मी कागद घेतला. लिहिलं, मावशीनं आम्हा मुलांना कधीही काही दिलं नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मी वाचून, समजून खोटी सही केली होती. ग्रामपंचायतीला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचल्यावर फोन केला, तर क्लार्क म्हणाला, “ताई, जुना इषय हाय. कशाला उकरता?” मी म्हटलं, सरपंचांपुढं ठेवा. तो म्हणाला, बघू. मी रोज फोन करायला लागले. सातव्या की आठव्या दिवशी कंटाळून त्यानं सांगितलं, “लावलाय बोर्डावर. झालं समाधान?”

लगेच मी मावशीच्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, मावशीला द्या, एक सांगायचंय. बहीण म्हणाली, ती गेली, पंधरा दिवस झाले. आजारी वगैरे नव्हती. बसल्या जागी गेली.

मी विचारलं, “किती वाजता? सकाळी का?”

बहिणीला नवल वाटलं असावं. असं कुणी विचारत नाही.

“दुपारी,” ती म्हणाली. “नुकतंच जेवन झालं हुतं.”